मंगळवारी बोलावलेला माणूस

“कुणी का मारला असेना मॅडम, पण बरं केलं,” रिक्षावाला म्हणाला आणि आरशातून माझ्याकडे बघून हसला. “हा कागद आणा, तो कागद आणा. माझ्या वडिलांच्या वेळी रडवलं हो साल्यांनी. तुम्हाला कुठं सोडू?”

मी एक चौक आधीच उतरले. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढून पर्सच्या तळाशी कोंबलं आणि पदराने, म्हणजे ओढणीने, तोंड पुसत चालत ऑफिसला गेले. खाली तीन चॅनेलच्या गाड्या उभ्या होत्या. चहाच्या टपरीवर रोजच्यापेक्षा दुप्पट गर्दी आणि सगळ्यांची तोंडं फुललेली. लग्नघरी असतात तशी.

दहा-अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी पुण्यात एका आरोग्य विमा कंपनीत क्लेम तपासत होते. मी डॉक्टर आहे, पण आयुर्वेदाची. अकोल्याला दवाखाना टाकायला बापाकडे जागा नव्हती, म्हणून पुण्यात येऊन लोकांच्या अँजिओप्लास्टीवर आणि मेंदूच्या ऑपरेशनवर शेरे मारायला बसले. आमच्या हॉलमधले बाराही जण असलेच. कुणी आयुर्वेद, कुणी होमिओपॅथी. दिवसाला चाळीस फायली. मंजूर की नामंजूर ते आम्ही ठरवायचो, पत्र आम्ही लिहायचो, आणि खाली छापील सही जायची ती यशवंत बिडकर यांची. बिडकरसाहेब क्लेम विभागाचे प्रमुख. महाराष्ट्रात ज्यांना ज्यांना नकार गेला त्या सगळ्यांना आमच्यातलं एकच नाव माहीत होतं.

त्या मंगळवारी सकाळी सहाला बिडकरसाहेब नेहमीप्रमाणे टेकडीवर फिरायला गेले आणि कुणीतरी त्यांना कोयत्याने मारलं. आठ वाजेपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती, आणि नऊपर्यंत निकालसुद्धा लागला होता. क्लेम नाकारलेल्या कुणीतरी सूड घेतला.

“मोबाईल बघितलास?” तृप्तीने विचारलं. ही माझ्या शेजारच्या टेबलावरची, होमिओपॅथीवाली. “अगं, लोक चक्क खूश आहेत. खाली चहावाला म्हणतोय पेढे वाटतो.”

मी बघितलं. बातमीखाली शेकडो लोकांनी लिहिलं होतं. ‘एक गेला, बाकीचे कधी?’ ‘माझ्या आईचा क्लेम याच्याच सहीने नाकारला होता, आज देवाला नारळ.’ ‘मारणाऱ्याचा वकील मी फुकट होतो.’ आणि एक होतं, त्यावर चारशे जणांनी अंगठा दिला होता: ‘हा तर नुसता सहीवाला. आतमध्ये बसून नकार लिहिणारे ते डॉक्टर कोण आहेत? त्यांची नावं बाहेर काढा.’

आज मी ते धिटाईने सांगते, पण तेव्हा बाथरूममध्ये जाऊन दोनदा उलटी केली. बिडकरसाहेब गेले याचं दुःख मला नंतर झालं. आधी झाली ती भीती, आणि त्या भीतीला कारण होतं. माझ्या ड्रॉवरमध्ये शुक्रवारपासून एक फाईल पडून होती.

ती फाईल श्रीरामपूरच्या रघुनाथ वाघचौरे यांची. शाळांचे गणवेश शिवणारा माणूस. बायको कमल, वय चव्वेचाळीस. मेंदूत रक्तस्राव झाला, ऑपरेशन झालं, जीव वाचला पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मी तो क्लेम नाकारला होता. का, तर दवाखान्यात आणलं तेव्हाच्या केसपेपरवर ओळ होती: ‘बीपी बारा वर्षांपासून.’ पॉलिसी तीन वर्षांपूर्वीची. म्हणजे आजार लपवून पॉलिसी घेतली. झालं, विषय संपला.

ही ओळ आम्ही सगळेच आधी शोधायचो. आता एक सांगते. आपल्याकडे माणूस दवाखान्यात गेला की दुखणं वाढवून सांगतो. दोन दिवसांचा ताप आठ दिवसांचा होतो. नाहीतर डॉक्टर लक्ष देत नाही, रांगेत बसवून ठेवतो, अशी भीती असते. माझी आई मला कडेवर घेऊन सरकारी दवाखान्यात जायची तेव्हा हेच करायची, आणि मी तिच्या खांद्यावरून ऐकत असायचे. तेव्हा वाघचौरे यांनी बायकोला उचलून आणताना ‘बारा वर्षांपासून डोकं दुखतंय हो, बीपी आहे तिला’ असं ओरडून सांगितलं असणार, आणि तिथल्या शिकाऊ डॉक्टरने ते तसंच उतरवलं असणार, हे मला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण चाळीस फायली होत्या, आणि अशी ओळ सापडली की फाईल दोन मिनिटांत मिटते.

वाघचौरे यांनी अकरा पत्रं लिहिली. सगळी बिडकरसाहेबांच्या नावाने, सगळी फिरून माझ्या टेबलावर. बीपी रक्तस्रावाच्या दोनच महिने आधी सापडलं होतं असा मोठ्या डॉक्टरांचा दाखलाही त्यांनी जोडला होता. मी त्यावर शेरा मारला, ‘नंतर सुचलेली माहिती’, आणि छापील उत्तर पाठवलं. अकराव्या पत्रात त्यांनी लिहिलं होतं: ‘साहेब, तुम्हाला बायको-पोरं असतील. एक दिवस तुमच्या दारात येऊन उभा राहीन, मग मला तोंडावर नाही म्हणून दाखवा.’

हे अकरावं पत्र कसं कोण जाणे, थेट साहेबांच्या हातात गेलं. शुक्रवारी संध्याकाळी शिपायाने फाईल माझ्या टेबलावर आणून ठेवली. वरच्या पिवळ्या नोटशीटवर साहेबांचं हिरव्या शाईतलं अक्षर होतं:

‘वाघचौरे यांच्याशी फोनवर बोललो. डॉक्टरांचा दाखला पान चौदावर आहे, तो कुणी वाचलाच नाही? क्लेम मंजूर करून माझ्याकडे आणा. मूळ कागद घेऊन ते मंगळवारी येतील. लेखी खुलासा द्या.’

लेखी खुलासा. पुढच्या महिन्यात माझी बढती होती. म्हटलं, सोमवारी बघू. सोमवारी म्हटलं, मंगळवारी सकाळी साहेबांना गाठून गोड बोलू. आणि मंगळवारी साहेब नव्हते.

साडेअकराला खाली रिसेप्शनवर आरडाओरडा झाला. आम्ही जिन्याच्या कठड्यावरून वाकून बघितलं. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी, असा एक माणूस दोन पोलिसांच्या मध्ये उभा होता.

“अहो, मला बिडकरसाहेबांनी बोलावलंय,” तो म्हणत होता. “मंगळवारी या म्हणाले. मी पहाटेच्या एसटीनं आलो, हे तिकीट बघा. मला साडेचारच्या गाडीनं परत जायचंय, घरी पेशंट आहे.”

“नाव काय तुमचं?”

“रघुनाथ वाघचौरे.”

बाहेर गेटला लटकलेल्या पोरांपैकी कुणीतरी ओरडलं, “हाच तो! वाघ आहे, वाघ!” आणि टाळ्या पडल्या. वाघचौरे त्या टाळ्यांकडे बावळटासारखे बघत राहिले. साहेबांना मारलंय हे त्यांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं.

तपासाला तांबोळी नावाचे पीएसआय होते. शांत माणूस, आवाज न चढवणारा. त्यांनी आम्हाला धमकीची पत्रं काढायला लावली होती, आणि आवक-नोंदीतली अकराव्या पत्राची प्रत तृप्तीने आधीच शोधून दिली होती. त्यांनी मला मीटिंगच्या खोलीत बोलावलं. समोर वाघचौरे बसले होते. टोपी मांडीवर, पिशवी टेबलावर, पिशवीतून बाहेर काढलेले कागद आणि दशम्यांचं फडकं.

“डॉक्टर, ही फाईल तुमच्याकडे होती?” तांबोळींनी विचारलं.

“हो.”

“हे म्हणतात बिडकरांनी स्वतः फोन केला. पैसे देतो म्हणाले, या म्हणाले. साहेबांच्या मोबाईलवर तसा कॉल नाही. आणि एसटीचं तिकीट काय, कुणीही कुणाचंही आणून दाखवील.”

“ऑफिसच्या फोनवरून केला असंल,” वाघचौरे घाईने म्हणाले. “ताई, साहेब मला म्हणाले होते, फाईलवर लिहून ठेवतो. तुम्ही बघितलं असंल की. सांगा ना यांना. मी कशाला मारू हो त्यांना? सहा महिन्यांत माझ्याशी नीट बोललेला तो एकच माणूस!”

आमच्या ऑफिसचे फोन एकाच बोर्डावरून जायचे. कुणाचा कॉल कुठे गेला त्याला काही पुरावा नसायचा. पुरावा एकच होता, आणि तो मी या खोलीत यायच्या आधी फाईलमधून काढून डब्याच्या पिशवीत, पोळ्यांच्या डब्याखाली सरकवला होता.

का काढला? स्वतःला मी हजार वेळा विचारलंय. बढतीसाठी नाही. बढतीबिढती त्या सकाळी मला आठवतही नव्हती. त्या कागदावर लिहिलं होतं की साहेबांनी द्या म्हटलं आणि दिलं नाही ते मी. बाहेर गेटवर टाळ्या वाजवणारी माणसं होती, चारशे अंगठे होते, माझं घर कात्रजला होतं, आणि माझा मुलगा बालवाडीतून एकाच रिक्षाने यायचा. तो कागद पोलिसांकडे गेला की संध्याकाळी टीव्हीवर जाणार, माझ्या नावासकट. मला माझ्या जिवाची भीती वाटली. खरी वाटली. पण भीती खरी होती म्हणून मी केलं ते कमी घाण होत नाही.

“डॉक्टर?” तांबोळी म्हणाले.

“अशी काही नोंद फाईलला नाही,” मी म्हटलं.

वाघचौरे चिडले नाहीत. म्हणाले, “मग राहून गेलं असंल साहेबांकडून. कामाचा माणूस.” मग तांबोळींकडे वळून, “साहेब, घरी एक फोन करू द्या. मालकिणीला गिळता येत नाही, पाणीसुद्धा चमच्यानं, मान धरून पाजावं लागतं. शेजारच्या बाईला रात्रीपर्यंतच सांगितलंय.”

तांबोळींनी फोन करू दिला. शेजारीण काय बोलली ते ऐकू आलं नाही. हे एवढंच म्हणत होते, “घाई करू नको. मान धर. एक चमचा झाला की थांब. मग दुसरा.”

घरी गेले तेव्हा सासूबाई टीव्हीसमोर होत्या. पडद्यावर वाघचौरे यांचा फोटो, खाली लाल पट्टी.

“पकडलं म्हणे बिचाऱ्याला,” सासूबाई म्हणाल्या. “बायको अंथरुणाला खिळलीय. मी म्हणते सोडून द्यावा. देवमाणूस आहे तो. तुमच्या त्या साहेबाला बरी अद्दल घडवली.”

“आई, त्याने मारलं नसेल तर?”

“न मारायला काय झालं? मी असते तर मीच मारलं असतं.”

मी आत जाऊन गॅस पेटवला आणि तो पिवळा कागद त्यावर धरला. ‘काय जळतंय गं?’ अशी बाहेरून हाक आली. दूध उतू गेलं म्हणून सांगितलं.

सहा दिवस. रोज चॅनेलवर चर्चा. निवृत्त न्यायाधीश, डॉक्टर, कोण कोण. सगळे आमच्या कंपनीला शिव्या घालायचे, आणि त्यांतल्या निम्म्या शिव्या खऱ्या होत्या म्हणून जास्त लागायच्या. श्रीरामपुरात वाघचौरे यांच्या सुटकेसाठी मोर्चा निघाला. त्यांनी खून केलाच आहे असं धरून निघाला. ‘त्याने केलं नाही’ असं म्हणणारा फलक एकही नव्हता.

सातव्या दिवशी पोलिसांनी बिडकरसाहेबांच्या सख्ख्या मेहुण्याला उचललं. हिंजवडीकडच्या जागेवरून भांडण होतं. सुपारी देऊन मारलं. त्याने कबूलही केलं.

“जागेचं होय!” टपरीवरचा चहावाला म्हणाला. त्याचा इतका विरस झालेला मी कधी पाहिला नव्हता. आठवड्याभरात लोक सगळं विसरले.

आणि कमल वाघचौरे पाचव्या दिवशी वारल्या होत्या. पाजताना ठसका लागला, पाणी छातीत गेलं, न्यूमोनिया झाला. शेजारणीचा काही दोष नाही. तिला तिची पोरंबाळं होती. नवऱ्याला पोलिसांनी अंत्यविधीपुरतं नेऊन आणलं. ही बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली होती. मी ती कापून ठेवली, मग फेकून दिली.

क्लेम मी लगेच मंजूर केला. ‘दाखल्याचा फेरविचार केल्यावर’ असं लिहिलं. कुणी काही विचारलं नाही. महिन्याने मला बढतीही मिळाली.

बढतीनंतर दोन-चार दिवसांतच ते आले. वाघचौरे. आता मला वेगळी केबिन होती. शिपायाने आत आणून सोडलं.

“ताई, पैसे मिळाले,” ते खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाले. “त्याबद्दल काही नाही. मला एक कागद पाहिजे होता.”

“कसला?”

“साहेबांनी मला बोलावलं होतं एवढाच. मंगळवारी या म्हणून. कंपनीच्या शिक्क्यावर.” ते खाली बघत बोलत होते. “माझी एकच लेक आहे. अश्विनी. संगमनेरला दिलीय. ती बोलत नाही माझ्याशी. तिचं म्हणणं, आईला तसं टाकून बाप सूड घ्यायला पुण्याला गेला. मेहुण्यानं आधी गाठलं म्हणून, नाहीतर बापानंच मारलं असतं. मोर्चा बघितलाय तिनं. गावात लोक पाठीवर थाप मारतात, पोरं पाया पडतात. मी सांगतो, अरे, मी मारायला नव्हतो गेलो, मला माणसानं प्रेमानं बोलावलं होतं. कुणाला पटत नाही. लोकांचं जाऊ द्या हो. पण तिला वाटतं माझ्या रागापायी तिची आई गेली. आईच्या दिवसाला आली, चुलत्याकडं उतरली. माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.”

मला वाटलं होतं मी बोलणार नाही. पण तोंडातून गेलंच.

“वाघचौरे, नोंद होती.”

त्यांनी मान वर केली.

“फाईलवर साहेबांनी लिहिलं होतं. फोन केला, मंगळवारी बोलावलं, पैसे द्या, सगळं. मी पोलिसांना खोटं सांगितलं. तुमचा क्लेम आधीपासून मीच नाकारत होते, साहेब नाही. माझं नाव बाहेर येईल म्हणून मी घाबरले.” मी रडायला लागले होते. लाज वाटते सांगायला, पण रडताना मला बरं वाटत होतं. छातीवरचा दगड उतरावा तसं.

मला वाटलं, मारतील. मारावं असंही वाटलं.

“कागद आहे?” त्यांनी विचारलं.

“जाळला.”

“बरं.” त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर पुसले. “मग तुम्ही लिहून द्या. आत्ता बोललात तेवढंच. तुमच्या सहीनं. मी पोलिसांत नाही जाणार, पेपरात नाही देणार. आईची आण. फक्त अश्विनीला दाखवीन आणि फाडून टाकीन. तिच्यासमोरच फाडीन.”

टेबलावर पॅड होतं, पेन होतं. मी पेन उचललंसुद्धा. आणि डोळ्यांसमोर काय काय आलं. पोलिसांना खोटी माहिती. पुरावा नष्ट केला. डॉक्टरकीचा परवाना. मुलगा. या माणसाचा हेतू साफ आहे, पण लेकीचा नवरा? त्याचे मित्र? एकदा कागद हातातून गेला की गेला. मी पाच वर्षं लोकांना त्यांच्याच तोंडच्या एका ओळीवर उभं आडवं कापलं होतं. लिहिलेल्या ओळीचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

मी पेन खाली ठेवलं.

“ते नाही जमायचं,” मी म्हटलं. “तुम्ही म्हणाल ते करते. वाटल्यास अश्विनीला फोन लावून देते, मी बोलते…”

“फोनवरचं तिला पटणार नाही. पोलिसांना तरी कुठं पटलं होतं?”

ते उठले. टोपी घातली, पिशवी काखेत मारली. दारापर्यंत गेले आणि वळले. त्या तोंडावर राग असता तर मी आज सुखाने झोपले असते. राग नव्हता. खरंच न कळल्यासारखं त्यांनी विचारलं,

“मग मला कशाला सांगितलंत, ताई?”

ते गेले. पुन्हा आले नाहीत, पत्रही आलं नाही. वर्षभराने मी नोकरी सोडली. आता गाव बदललंय, माझा स्वतःचा दवाखाना आहे, बरा चालतो. ही हकिकत मी पहिल्यांदाच लिहून काढली आहे, आणि सुरुवात करताना मला वाटत होतं की शेवटी मी त्यांचा पत्ता शोधून हेच त्यांना पाठवून देईन.

पण माणसांची, गावांची, शेजारच्या टेबलावरच्या माझ्या मैत्रिणीचीसुद्धा, सगळी नावं मी बदलली आहेत. वाघचौरे हे नाव खरं नाही. आणि माझं मी कुठेच लिहिलेलं नाही.